बारावी बोट

शशिकला अक्कांना बोट लागते. कंपनीने एकदा सगळ्यांना हौसेने समुद्रात फिरवून आणायचं ठरवलं, तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली असतानाच अक्का घामाघूम झाल्या आणि 'तुमी जाऊन या, मी इथून बघतें' असं सांगून खाली उतरल्या.

त्यांनी खरंच बघितलं. धक्क्यावरच्या बाकावर बसून, फोनवर, उपग्रहामार्फत. आम्ही परत आलो तेव्हा आमची बोट कुठे वळली, कुठे उगाच वीस मिनिटं थांबली आणि त्या वेळी कोण कठड्यावरून वाकलं असणार, हे त्यांनी आम्हाला नावासकट सांगितलं. नाव आमचा मॅनेजर अनिकेत बोकील याचं होतं, आणि ते बरोबर होतं.

आमची कंपनी नीलरेखा. चेन्नईत, पेरुंगुडीला, चौथ्या मजल्यावर. आम्ही समुद्रावरच्या जहाजांवर आणि बोटींवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. आमच्या खिडकीतून दलदल दिसते, कचरा डेपो दिसतो, समोरच्या इमारतीतल्या लोकांचे डबे दिसतात. समुद्र मात्र दिसत नाही. त्याची गरजही नाही. प्रत्येक बोटीवर एक यंत्र असतं, ते आपला ठावठिकाणा उपग्रहाला सांगतं, उपग्रह आम्हाला सांगतो, आणि आमच्या पडद्यावर एक छोटा त्रिकोण उमटतो. हिरवा म्हणजे चालली आहे, पिवळा म्हणजे उभी आहे, लाल म्हणजे यंत्र मुकं झालं. मी या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहितो. ती कोणी वाचत नाही, त्यामुळे माझ्या हाताशी इतरांकडे बघायला भरपूर वेळ असतो.

अक्का आमच्या मुख्य निरीक्षक. वय चौपन्न, उंची बेताची, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आणि खुर्चीत पाठीमागे घरून आणलेली उशी. त्रिकोणांशी त्यांचं नातं घरच्यासारखं आहे. 'हा बघ, पनामाचा झेंडा लावून चार दिवस बसून अहे, सासुरवाडीस आल्यासारखा.' 'ही बाई विशाखापट्टणमहून निघाली तेव्हापासून डावीकडे झुकून चालली अहे, हिचं काही तरी दुखतंय.' दुसऱ्या दिवशी बातमी येते की त्या जहाजाचं सुकाणू बिघडलं होतं.

त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले, जाताना मराठी बरोबर नेली, आणि नंतर ती बदलून घ्यायला कोणी परत आलं नाही. वरून तमिळची फोडणी बसली. अक्का 'आहे'ला 'अहे' म्हणतात आणि 'मला'ला 'मज'. पुण्याहून नवीन आलेल्या अनिकेतला पहिले दोन आठवडे वाटायचं, की या बाई आपल्याशी अभंगात बोलतायत. अक्कांना वाटायचं, की हा पोरगा मराठी बोलताना मधे मधे इंग्रजीत का शिंकतो.

अक्कांचं सगळं घडलं ते एका काळ्या फळ्यापाशी. त्यांचे वडील गुंडोराव चेन्नई बंदरासमोरच्या एका शिपिंग एजंटाकडे कारकून होते. कोणतं जहाज आलं, कोणतं यायचं आहे, हे ते दारातल्या फळ्यावर खडूने लिहीत. त्यांना अर्धांग झालं आणि एकविसाव्या वर्षी खडू अक्कांच्या हातात आला. तिसऱ्याच आठवड्यात मालक म्हणाला, 'बाहेर व्यापारी खोळंबलेत. ते साखरेचं जहाज आलं असं लिहून टाक.' जहाज आलेलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, जे मला दिसलं नाही ते मी लिहीत नाही. मालकाने डोळे वटारले, 'मग काय लिहिशील?' अक्कांनी फळ्यापाशी जाऊन, जहाजाच्या नावापुढे, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'दिसलं नाही.' ते दोन दिवस तसंच राहिलं. व्यापारी हसले, मालक ओरडला, आणि तिसऱ्या दिवशी जहाज आल्यावर अक्कांनी ते पुसून 'दिसलं' असं लिहिलं. त्यांना काढून टाकायचं फार मनात होतं मालकाच्या, पण तेवढं चांगलं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

त्यांच्या यजमानांना, सुधींद्ररावांनाही हा अनुभव आहे. बघायला गेले तेव्हा त्यांच्या आत्याने विचारलं, 'गाणं येतं का?' अक्का म्हणाल्या, 'येतं. आज म्हणणार नाही.' सुधींद्रराव गेली तीस वर्षं ही गोष्ट पदक मिळाल्यासारखी सांगतात. गाणं त्यांनी अजून ऐकलेलं नाही.

तर अशा या अक्कांपुढे गेल्या वर्षी फेब्रुवारीत शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या एका कोळीवाड्यातल्या अकरा फायबर बोटी आल्या. बोटींना परवाने देणाऱ्या एका कार्यालयाने आमचं सॉफ्टवेअर घेतलं होतं आणि सुरुवात म्हणून या अकरा बोटींवर आमची यंत्रं बसवली होती. कोळी त्या यंत्राला 'डबा' म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. डबा बोटीच्या बॅटरीला जोडलेला असतो. दोन नटबोल्ट काढले की हातात येतो आणि हातात आला की मुका होतो.

त्या अकरांचा पुढारी मुरली. त्याची आणि अक्कांची ओळख एका अलार्मने झाली. मे महिन्यात पडद्यावर दिसलं, की मुरलीची बोट ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जमिनीवरून चालली आहे आणि तिरुवोट्रियूरच्या सिग्नलला थांबली आहे. अक्कांनी फोन लावला. मुरली डबा दुसऱ्या बॅटरीला जोडून, मोटारसायकलवर मागे बांधून दुरुस्तीला नेत होता. 'चालू ठेवूनच आणलाय मॅडम, तुम्हाला काळजी नको म्हणून,' तो म्हणाला. तेव्हापासून अक्कांच्या दृष्टीने मुरली हा जगातला सर्वांत प्रामाणिक नावाडी.

आता खंडेनवमी. चेन्नईत तिला आयुधपूजा म्हणतात, आणि त्या दिवशी शहरात चंदन लागल्याशिवाय एकही यंत्र सुटत नाही. रिक्षा, लिफ्ट, इडलीचं पीठ वाटायचं रुबण, एटीएम. आपापली हत्यारं देवीपुढे मांडायची आणि दसऱ्याच्या सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. समुद्राला सुट्टी नसल्यामुळे आमचं निम्मं ऑफिस हजर असतं. अक्का येतात, पण त्या दिवशी कीबोर्डला, माऊसला, पेनाला शिवत नाहीत. हात मांडीवर ठेवून प्रसादाचे कुरमुरे खातात. पडदा रेवा सांभाळते. रेवा नागपूरची, सव्वीस वर्षांची, आमच्या सॉफ्टवेअरचे नियम लिहिते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी अनिकेत सकाळीच अक्कांच्या टेबलापाशी आला. चेहरा उजळलेला.

"अक्का, एक यादी जायचीय. तुमची सही तेवढी राहिलीय."

"कसली यादी?"

"एन्नोरच्या अकरा बोटी. नवमीला साडेचार ते पाचच्या मधे सगळ्या एकदम बंद. दुसऱ्या दिवशी नऊनंतर सगळ्या एकदम चालू. आणि त्याच मधल्या वेळात बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजातून डिझेल चोरीला गेलं! अक्का, ही केस इतकी क्लीन आहे ना, की ट्रेनिंगला वापरता येईल."

"डबे बंद झाले, की बंद केले?"

"तेच ते."

"तेच कसं? काल दुपारी तू जागेवर नव्हतास. पळून गेला होतास कां?"

"जेवायला गेलो होतो."

"मज काय ठाऊक? मज रिकामी खुर्ची दिसली."

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये डबा मुका का झाला याची चारच कारणं होती: बॅटरी संपली, यंत्र बिघडलं, हवामान, मुद्दाम बंद. शिवाय रेवाने एक नियम घातला होता, की एका शहरातल्या तीनपेक्षा जास्त बोटी तासाभरात मुक्या झाल्या तर 'मुद्दाम बंद' हे कारण आपोआप निवडलं जावं आणि पुढे लाल अक्षरात 'संगनमत' उमटावं. ते उमटलं होतं. त्या लाल शब्दाच्या जोरावर परवाना कार्यालयाने सकाळीच माणूस पाठवून अकरा बोटींना सील ठोकलं होतं. निरीक्षकाच्या सहीची यादी गेली की अकरा परवाने सगळ्या हंगामापुरते रद्द.

अक्कांनी मुरलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पुढचं सगळं तमिळमध्ये झालं, पण मुरलीचा आवाज एन्नोरहून फोनशिवायही ऐकू आला असता.

"मॅडम, बाहेर सुरमई उड्या मारतेय, आणि आम्ही अकरा जण वाळूत बसून जाळ्यांचे गुंते काढतोय! कोण चोर? कुठलं डिझेल?"

"मुरली, नवमीला डबा कुठे होता?"

"कुठे म्हणजे? देवळात! इंजिनाचे पाने, सुऱ्या, होकायंत्र, सगळं ठेवलं देवीपुढे. मग डबा नको? तो रागावणार नाही?"

"काढला कधी?"

"मुहूर्ताला. साडेचारला."

अनिकेत मागून वाकून म्हणाला, "अरे, पण काढण्याआधी आम्हाला कळवायचं ना!"

"हा कोण बोलतोय?" मुरली म्हणाला. "आता देवीपुढे कुंकू लावायला पेरुंगुडीची परवानगी काढायची?"

अक्कांनी फोन ठेवला आणि उशी सारखी केली. उशी सारखी केली की समजावं, या बाई आता हलत नाहीत.

"अक्का, माझा विश्वास आहे त्याच्यावर," अनिकेत म्हणाला. पोरगा मुळात वाईट नाही. त्याला फक्त प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यादीतून निवडायची सवय लागली आहे. "पण आपल्या चार कारणांत 'पूजा' नाहीये. मग जे जवळचं असेल ते निवडायचं."

"चोरी हे पूजेच्या जवळचं?"

"उद्या अकरा वाजता त्यांच्याशी मीटिंग आहे. यादी हवीय त्यांना. तुम्ही सही नाही केलीत तर मला दुसऱ्या कोणाची घ्यावी लागेल, आणि तुमच्याबद्दल वर लिहावं लागेल."

"लिही," अक्का म्हणाल्या. "चांगल्या अक्षरात लिही."

दुपारी कॉफीच्या वेळेला त्या रेवाच्या शेजारी जाऊन बसल्या. मी कुरमुऱ्यांचा उरलेला पुडा घेऊन तिथेच होतो.

"रेवा, तुझ्या सॉफ्टवेअरला विचार, नवमीला साडेचार ते पाचमध्ये सगळ्या किनाऱ्यावर कोणकोणते डबे मुके झाले."

रेवाने विचारलं. अकरा लाल त्रिकोण आले.

"सगळे?"

"सगळे, अक्का. म्हणजे..." रेवा थांबली. "आपला स्वतःचा सोडून."

आमच्या गच्चीवर चाचणीसाठी एक डबा बसवलेला आहे. पण सॉफ्टवेअर बोटीशिवाय कशाचीही नोंद घेत नाही, म्हणून अनिकेतने तो बोट म्हणून नोंदवला होता. बोट क्रमांक ००१. मालक: अनिकेत बोकील. लांबी विचारल्यावर त्याने स्वतःची उंची टाकली होती. खलाशी: एक. आणि ही पावणेसहा फुटी बोट पाऊस आला की सारखी 'हरवली' म्हणून बोंब मारायची, म्हणून रेवाने तिला सगळ्या शोधांतून वगळणारी एक ओळ घातली होती.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी अक्कांकडे. आम्हा दोघांना एकच गोष्ट आठवत होती. नवमीला दुपारी अनिकेत नवी कोरी वेष्टी, म्हणजे इकडची पांढरी लुंगी, एका हाताने धरून स्वतः गच्चीवर गेला होता. ती सुटेल या भीतीने त्याने नटबोल्ट एका हातानेच काढले होते. मग तो डबा रिसेप्शनमध्ये देवीच्या तसबिरीपुढे चंदन, कुंकू आणि झेंडूत बसला, आणि त्याच्या शेजारी उभं राहून अनिकेतने फोटो काढून घेतला. 'परंपरा आणि तंत्रज्ञान' असं वर लिहून तो फोटो त्याने इंटरनेटवर टाकला होता. चारशे लोकांनी अंगठे दाखवले होते.

"ती ओळ काढ," अक्का म्हणाल्या.

रेवाचा हात थबकला. "अक्का, माझं प्रोबेशन आहे हो अजून."

"मग माझ्या नावाने काढ. मी पासवर्ड देतें."

"पासवर्ड द्यायचा नसतो," रेवा ओठ आवळून म्हणाली. "आणि नियम माझा आहे. माझी घाण मीच काढते." तिने ओळ काढली.

पेरुंगुडीच्या दलदलीच्या काठावर बारावा लाल त्रिकोण उमटला. मुका झाला चार चाळीसला. बोलता झाला दसऱ्याच्या सकाळी नऊ पाचला. पुढे लाल अक्षरात: 'संगनमत'.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला अक्का अनिकेतला म्हणाल्या, "सही केली अहे. यादी पूर्ण अहे. वाचून पाठव."

"थँक यू, अक्का! मला माहीत होतं, तुम्ही समजून घ्याल." त्याने न वाचता पाठवली.

"वाचून पाठव म्हटलें होतें," अक्का पुन्हा म्हणाल्या.

"तुमच्यावर विश्वास आहे हो," अनिकेत म्हणाला.

अकरा वाजता भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर परवाना कार्यालयाचे साहेब दिसू लागले. जाड चष्मा, कपाळावर विभूती. त्यांच्या मागे भिंतीला टेकून मुरली आणि दहा जण उभे. त्यांना जबाबाला बोलावलं होतं. अक्कांना बघून मुरलीने हात जोडले नाहीत. मान फिरवली. सही झाल्याचं त्याला कळलं होतं.

साहेब यादी मोठ्याने वाचू लागले. एक एक बोट, एक एक मालक. प्रत्येक नावाला मागचा एक एक जण खाली बघायचा. अकरावं नाव मुरलीचं होतं. मग साहेबांनी चष्मा वर केला.

"बोट क्रमांक झिरो झिरो वन. बंदर, पेरुंगुडी. पेरुंगुडीला बंदर कधी झालं?"

अनिकेत खुर्चीत ताठ झाला.

"लांबी पावणेसहा फूट. खलाशी एक. मालक अनिकेत बोकील." साहेबांनी पडद्याच्या अगदी जवळ येऊन बघितलं. "तुम्हीच ना ते?"

"सर, ते... ते टेस्टिंगचं आहे, सर."

"चार चाळीसला बंद. सकाळी नऊ पाचला चालू. तुमच्याच सॉफ्टवेअरने संगनमत लिहिलंय. नवमीला दुपारी चार चाळीसला तुम्ही कुठे होता, मिस्टर बोकील?"

"ऑफिसमध्ये, सर. पूजा होती. आम्ही तो डबा खाली आणून देवीपुढे..." अनिकेत मधेच थांबला. आपल्या तोंडून काय बाहेर पडलं ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं होतं.

मागून मुरली गरजला, "मग सर, ह्यांना पण सील लावा! मी येतो लावायला!"

दहा जण हसले. साहेब हसले नाहीत. ते अक्कांना म्हणाले, "मॅडम, सही तुमची आहे. तुमचं म्हणणं काय? हे बारा जण चोर आहेत?"

अक्का उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "सर, तेहतीस वर्षं मी हेच काम करते. आधी खडूने, आता उपग्रहाने. मला नवमीला बारा डबे दिसले नाहीत. दिसले नाहीत, एवढंच मला ठाऊक आहे, सहीही तेवढ्यावरच आहे. ते लपले होते, असं लिहायला मला लपताना कोणी तरी दिसायला लागतं. ह्या सॉफ्टवेअरला आभाळातून समुद्र दिसतो, देऊळ दिसत नाही. तो त्याचा दोष, बोटींचा नाही. अकरांचे परवाने रद्द करायचे असतील तर बाराव्याचाही करा. बाराव्याला सोडायचं असेल तर अकरांना आत्ता सोडा. मधलं काही मी सही करून देणार नाही. माझी नोकरी गेली तरी."

साहेब कागद खालीवर करू लागले. त्यांच्या टेबलावरच्या स्टॅपलरला चंदनाचा टिळा होता. तो मला दिसला, आणि बहुधा त्यांनाही त्याच क्षणी दिसला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. मग मागे न बघता म्हणाले, "जा रे. सील काढायला माणूस पाठवतो."

दुपारी तीनला अकरा त्रिकोण हिरवे झाले आणि रांगेने पूर्वेकडे निघाले. अक्का कॉफी थंड होईपर्यंत बघत होत्या. डिझेल कोणी नेलं ते मला आजही माहीत नाही.

ग्राहकासमोर कंपनीला मान खाली घालायला लावल्याबद्दल अक्कांना लेखी ताकीद मिळाली. ती अनिकेतनेच लिहिली, वरून सांगितलं म्हणून, आणि देताना म्हणाला, "अक्का, खाली दोन ओळी दिलगिरीच्या लिहा, की हे प्रकरण मिटेल."

"दिलगिरी येते मज," अक्का म्हणाल्या. "आज लिहिणार नाही."

मग भरपाई म्हणून की काय, तो म्हणाला, "आपण लिस्टमध्ये पाचवं कारण घालू. 'पूजा'."

"नको. उद्या कोणाची ईद येईल, कोणाचा नाताळ, कोणाच्या पोरीचं बारसं. किती घालशील? एकच घाल: 'दिसलं नाही'. आणि ते सगळ्यांत वर घाल."

ते आता सगळ्यांत वर आहे. मी माहितीपुस्तिकेत त्यावर अख्खं पान लिहिलं आहे. रेवाचं प्रोबेशन संपलं, तिचा संगनमताचा नियमही संपला.

यंदाच्या नवमीला अक्का नेहमीप्रमाणे आल्या, देवीपुढे आपला माऊस ठेवला, पेन ठेवलं, आणि पर्समधून घडी केलेला एक कागद काढून तोही ठेवला. वर चंदनाचं बोट ओढलं. अनिकेतने मान वाकडी करून वाचलं. ती ताकीद होती.

"अक्का! हे काय हत्यार आहे?"

"माझं अहे," अक्का म्हणाल्या आणि कुरमुऱ्यांची मूठ भरली.

सव्वाचारला त्यांच्या टेबलावरचा फोन वाजू लागला. रेवाने उचलून स्पीकर लावला. मुरली होता, आणि त्याच्यामागे देवळातला ढोल.

"मॅडम, आधीच कळवतोय बरं का! अकरा डबे काढतोय, देवीपुढे ठेवतोय. नंतर कोणी म्हणायला नको. लिहून घ्या!"

अक्का हात मांडीवर ठेवून लांबूनच ओरडल्या, "मुरली, मी आज काही लिहीत नाही! माझं पेन पूजेला आहे!"

"मग काय करायचं, मॅडम?"

"खुशाल काढ!" अक्का म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊनंतर मला दिस."